ऑनलाइन मुलाखत: आधी एका माणसाचा फोन नंबर मागून घ्या

तुम्ही लिहिलंय की गेल्या मुलाखतीत आवाज तुटत तुटत शेवटी मीटिंगमधूनच बाहेर पडलात, परत आत शिरेपर्यंत त्यांनी मीटिंग बंद केली होती आणि नंतरच्या मेलला उत्तरही आलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे मुलाखत आहे म्हणून नवा वेबकॅम घ्यावा का, असं विचारताय. वाचताना पोटात गोळा आला, कारण या प्रकारातून मी गेले आहे. वेबकॅमचं उत्तर आधीच देते: घेऊ नका. तुमचा त्रास कॅमेऱ्याचा नाहीच.

चार्जिंग, शांत खोली, ॲपचं अपडेट हे सगळं तुम्ही करालच, त्यावर वेळ घालवत नाही.

माझ्या वेळी माझ्या बाजूचं सगळं नीट चालू होतं. लिंक वेळेआधीच उघडली, होस्ट लवकरच आत घेतील असा संदेश दिसला आणि मी त्या प्रतीक्षा कक्षातच बसून राहिले. ठरलेली वेळ उलटून गेली. निमंत्रण ज्या पत्त्यावरून आलं होतं त्यावर उत्तर पाठवण्याची सोयच नव्हती. फोन नंबर कुठेही दिलेला नव्हता. मदत कक्षाच्या चॅटवर लिहिलं, तर उत्तर आलं, "कृपया आपले इंटरनेट तपासा." इंटरनेट चालू आहे, मी प्रतीक्षा कक्षात आहे, फक्त आतल्यांना कळवा, असं पुन्हा लिहिलं. त्यावर ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगितलं. संध्याकाळी पोर्टलवर माझ्या नावापुढे 'अनुपस्थित' अशी नोंद पडलेली. पुढे बऱ्याच खटपटीनंतर त्याच कार्यालयातल्या एकीकडून कळलं, की पॅनेलने ऐनवेळी दुसरीच मीटिंग सुरू केली होती आणि नवी लिंक उमेदवारांना पाठवायचं राहून गेलं होतं. तरीही नोंद बदलायला नकारच. नियमांत एक ओळ होती, तांत्रिक अडचणींची जबाबदारी उमेदवाराची, तीवर बोट ठेवून त्यांनी हात झटकले. ती नोकरी मला मनापासून हवी होती, आणि तो संताप अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की तयारीची सुरुवात यंत्रापासून करू नये. मुलाखतीची तारीख कळली की त्याच दिवशी मेलवर विचारून घ्या: संपर्क तुटला तर कोणाला फोन करायचा, पॅनेल किती वेळ थांबेल आणि व्हिडिओ चाललाच नाही तर साध्या फोनवर मुलाखत पूर्ण करता येईल का. असं विचारलं तर आपली बाजू कच्ची वाटेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. नंतर मी स्वतः पॅनेलवर बसले आहे, आणि आधी विचारणाऱ्या उमेदवाराबद्दल माझं मत चांगलंच झालं आहे. तोंडी उत्तर मिळालं तर "आपलं असं ठरलं" म्हणून दोन ओळी मेलने पाठवून ठेवा.

प्रतीक्षा कक्षात अडकलात तर पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या, घड्याळ आणि मीटिंगचा क्रमांक दोन्ही दिसतील असा. दहा मिनिटं उलटली की तिथूनच मेल करा. दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीपेक्षा त्या क्षणी गेलेल्या मेलला जास्त वजन असतं. (प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात. यातून निकाल फिरेलच, अशी हमी मी देत नाही.)

आता तुमच्या तुटणाऱ्या आवाजाकडे. स्पीड टेस्टचा मोठा आकडा बघून निर्धास्त होऊ नका, तो बहुधा डाउनलोडचा असतो. तुमचा आवाज समोर पोचतो तो अपलोडवरून. तसं पाहिलं तर लागतं फार थोडं: झूमवर दोघांच्या कॉलला साध्या व्हिडिओसाठी सुमारे ६०० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) आणि नुसत्या आवाजासाठी ६० ते ८० पुरतात. म्हणूनच आवाज तुटू लागला की लगेच, परवानगी विचारून, कॅमेरा बंद करा. मीटिंगमधून बाहेर पडून पुन्हा येण्यापेक्षा हे कितीतरी बरं. वेग भरपूर असूनही आवाज तुटत असेल, तर पाकिटं, म्हणजे इंटरनेटवरून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे, उशिरा किंवा अनियमित पोचत असतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. घरात याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणाच्या तरी फोनवरून क्लाउडवर चढत असलेले फोटो. त्या तासापुरता बॅकअप थांबवा. लॅपटॉप राउटरला केबलने जोडता आला तर वाय-फायचा प्रश्नच मिटतो. नाहीतर राउटरच्या खोलीतच बसा आणि वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. २.४ चा पट्टा लांब पोचतो, पण त्यावर गर्दी फार असते.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल मी जरा कडकच बोलेन: मुलाखतीला नकोच. गाणी ऐकताना सुरेख वाटणारा हेडफोन त्याचा माइक सुरू होताच बहुतेकदा फोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज बसका, दबलेला होतो. वायरचा साधा इअरफोन उत्तम.

सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवरून दुसरीकडची मुलाखत देऊ नका. खासगीपणाचा मुद्दा आहेच, शिवाय व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी असलेली सुरक्षित जोडणी) आणि सुरक्षेचे निर्बंध नेमके स्क्रीन शेअर करताना आडवे येतात. स्वतःचा मॅक असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी आदल्या दिवशीच द्या. मॅकच्या २०१९च्या कॅटालिना या आवृत्तीपासून ती सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते आणि त्यानंतर ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. पॅनेलसमोर हे करण्याची वेळ येऊ नये.

फोनवर तेच ॲप लॉग-इन करून जवळ ठेवा, डेटा चालू असलेलं. दोन्हीकडून एकदम आत गेलात तर आवाज घुमतो, म्हणून फोन फक्त लॅपटॉप बंद पडल्यावरच वापरा. हॉटस्पॉटची चाचणी एका खऱ्या व्हिडिओ कॉलवर घ्या, मैत्रिणीशी बोला आणि तिला विचारा तुमचा आवाज कसा येतोय ते. आपला आवाज आपल्याला कळत नाही.

तो मेल मात्र आजच पाठवा. मी असा लिहिते: "ठरलेल्या वेळी मी उपस्थित राहीन. काही कारणाने संपर्क तुटल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करावा, हे कृपया कळवावे. माझा क्रमांक खाली देत आहे." आदल्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तर संस्थेच्या मुख्य क्रमांकावर फोन करून मुलाखतींचं काम पाहणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि नंबर विचारा, आणि तो लॅपटॉपमध्ये न ठेवता कागदावर लिहा.