वाचकांचे प्रश्न : आपत्ती प्रतिसादाचे शिक्षण

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात राहते आणि भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. किल्लारीच्या भूकंपात माझ्या आजोळची माणसे गेली आणि त्या पहाटेच्या आठवणी ऐकतच मी वाढले. पदवीनंतर आपत्ती व्यवस्थापनात एम.ए. करून एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, जावे, अशी माझी इच्छा आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की ढिगारे उपसणे हे जवानांचे काम आहे, त्यात विद्यापीठात शिकण्यासारखे काय असणार? कृपया मार्गदर्शन करावे.
— एक विद्यार्थिनी, औसा

उत्तर : आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा, कारण तुमचा पुढचा सारा बेत त्यावर उभा आहे. एनडीआरएफच्या बटालियन सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या केंद्रीय दलांतून उभ्या केलेल्या आहेत आणि त्यांतील जवान व अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात. तो गणवेश घालायचा असेल, तर आधी त्या दलांच्या भरतीतून जावे लागते, एम.ए.च्या पदवीने ते दार उघडत नाही. पदवी घेऊन नंतर निराश होण्यापेक्षा हे आजच कळलेले बरे.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर तुमच्या आजोळीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, विसर्जनाच्या मिरवणुकीहून परतलेली गावे गाढ झोपेत असताना जमीन हादरली. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत तो मध्यम तीव्रतेचा होता, तरीही काही हजार माणसे गेली. कारण ओबडधोबड दगड मातीत बसवून रचलेल्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवलेली माळवदे. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारे आरपार दगड नसले, की धक्क्यासरशी ती फाकते आणि वरचा भार झोपलेल्या माणसांवर येतो. कोणते घर का पडते, कोणत्या वेळी कोण घरात असते, गावापर्यंत यंत्रे पोहोचायला किती तास लागतात आणि तोवर शेजाऱ्यांनी काय करायचे, हे सारे अभ्यासाचे विषय आहेत. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्या सरळ रस्त्यांच्या, ऐसपैस आखणीत जनावरांचा गोठा, भावकीची जवळीक आणि शेतापर्यंतचे अंतर यांचे काय झाले, हाही याच विद्याशाखेचा प्रश्न आहे. तो तुमच्याइतका जवळून कोणी पाहिला नसेल, एम.ए.च्या प्रबंधासाठी दूरचा विषय शोधू नका.

‘प्रतिसाद’ या शब्दाने धावपळीचे चित्र डोळ्यांसमोर येते. वर्गात मात्र बराचसा वेळ माहिती, आज्ञा आणि रसद यांवर जातो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा गाव दिसत नसल्याचे लक्षात आले ते तेथे गेलेल्या एसटीच्या चालकाच्या. १५० हून अधिक माणसे गाडली गेली आणि ती खबर बाहेर गेली एका चालकाच्या दक्षतेमुळे. पहिली माहिती कोठून येते आणि ती येण्याचे सगळे मार्गच तुटले तर काय, हा प्रश्न तेव्हापासून आपल्याकडच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर असायला हवा, असे माझे मत आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा माहिती मिळाली, माणसेही निघाली. पण वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. जेसीबी वर नेता येईना, त्यामुळे पावसात डोंगर चढून आलेल्या माणसांना कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. अशा ठिकाणी शौर्याइतकीच गरज असते ती वर किती माणसे पाठवायची, त्यांना पाणी-जेवण कोण पुरवणार आणि थकलेल्या तुकड्या कधी बदलायच्या, हे ठरवणाऱ्या डोक्याची.

यासाठीच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तिचे मूळ कॅलिफोर्नियातील १९७० च्या दशकातील वणव्यांत आहे, जेथे अनेक यंत्रणा एकाच आगीवर आपापल्या पद्धतीने काम करत होत्या. एक घटना, एक कमांडर. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कार्यवाही, नियोजन आणि रसद असे तीन विभाग. आणि एका माणसाकडे थेट अहवाल देणारे साधारण पाचच. कागदावर हे सोपे दिसते. महसूल, पोलीस, अग्निशमन, आरोग्य, पाटबंधारे आणि स्वयंसेवी संस्था एकाच पुलावर उभ्या असताना ते अवघड होते, म्हणून विद्यार्थ्यांकडून त्याचा सराव करून घेतात. मदत छावणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि साडेतीन चौरस मीटर निवारा लागतो, असे जगभर मानले जाणारे निकषही शिकवले जातात. ते पाठ असून भागत नाही, आपल्या तालुक्यातील शाळेच्या चार खोल्यांत किती कुटुंबे मावतील याचा हिशेब करता आला पाहिजे.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत या विषयाचे स्वतंत्र विद्यालय आहे. तेथील शिक्षण इंग्रजीतून असते, त्याची तयारी आतापासून ठेवा. तुमचा भूगोल येथे भक्कम पाया आहे. त्यात जीआयएस, म्हणजे नकाशांचे संगणकीय विश्लेषण, पक्के करून घ्या. नुसती आपत्ती व्यवस्थापनाची पदवी आणि हातात दुसरे कौशल्य नाही, अशा उमेदवाराची पुढे ओढाताण होते. नोकऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयांच्या आपत्ती कक्षांत, महापालिकांत, कारखान्यांत आणि मदतकार्य करणाऱ्या संस्थांत असतात. सरकारी कक्षांतील अनेक पदे कंत्राटी आहेत, हे घरी स्पष्ट सांगूनच निर्णय घ्या. प्रवेशापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात ‘आपदा मित्र’, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या, प्रशिक्षणाची चौकशी करा; त्या १२ दिवसांत प्रथमोपचार, शोध आणि बचाव हाताने करून पाहता येतो आणि हे काम आपल्याला झेपते का, हेही कळते.

प्रश्न : मी महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. बस अपघातानंतर एकाच वेळी पंचवीस-तीस जखमी आले, की जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात. नोकरी न सोडता याचे शिक्षण घेता येईल का?
— एक परिचारिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : घेता येईल. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची आपत्ती व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते. तुमच्या अडचणीचे नाव मात्र ट्रायाज, म्हणजे जखमींची प्राधान्यक्रमाने विभागणी, आणि ती पदविकेची वाट न पाहता सुरू करावी. जो ओरडतो, त्याचा श्वास चालू असतो; गप्प पडलेल्याकडे आधी पाहायचे. चालू शकणाऱ्यांना एका बाजूला बोलवून हिरवी पट्टी बांधा. उरलेल्यांत ज्याचा श्वास मिनिटाला तिसाहून अधिक आहे, मनगटाची नाडी लागत नाही किंवा ‘डोळे उघडा’ इतके साधे सांगणेही जो पाळत नाही, तो लाल, म्हणजे उपचार सर्वांत आधी, बाकीचे पिवळे, म्हणजे त्यांच्यानंतर. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करून पाहा. तेवढ्याने श्वास सुरू झाला तर लाल, तरीही झाला नाही तर काळी पट्टी, म्हणजे वाचण्याची आशा नाही. या शेवटच्या पट्टीपाशी प्रत्येक परिचारिकेचा हात थबकतो आणि तो थबकू नये म्हणूनच सराव हवा. एका जखमीला एक मिनिटाहून अधिक वेळ द्यायचा नाही, विभागणी करणाऱ्याने उपचारात गुंतायचे नाही आणि थोड्या वेळाने सर्वांना पुन्हा तपासायचे. वैद्यकीय अधीक्षकांशी बोलून पावसाळ्यापूर्वी एकदा, शिपाई आणि रुग्णवाहिकेच्या चालकांसह, याची रंगीत तालीम घ्या. रंगीत पट्ट्यांचा गठ्ठा अपघात विभागाच्या दाराशीच, कुलपाबाहेर ठेवा.