एकच रिफ दहा मिनिटं चालते, त्यात एवढं काय आहे?

तुमचा प्रश्न असा आहे की सायकेडेलिक (कानाला गुंगी आणणाऱ्या) आणि इंडी रॉकमध्ये एकच रिफ, म्हणजे गिटारची छोटी सुरावट, परत परत वाजत राहते, गाणं कुठे पोचतच नाही, मग या बँडचे फॅन एवढे वेडे का असतात आणि एकाच बँडच्या लागोपाठ दोन शोला का जातात. मी असा लागोपाठ दोन रात्री गेलेला माणूस आहे म्हणून लिहितोय.

तेच तेच वाजतं हे खरंच आहे, त्यात तुमचं ऐकणं कुठे चुकलेलं नाही. फक्त आपण मुखडा, अंतरा, परत मुखडा अशी वाट बघत बसतो आणि इथे ते येतच नाही म्हणून कंटाळा येतो. त्यापेक्षा तबल्याचा सोलो आठवा, तिथे साथीला हार्मोनियमवर वाजणारा लेहरा एकच ओळ तासभर धरून ठेवतो आणि त्याला कोणी कंटाळवाणा म्हणत नाही, कारण त्याच्या आधारावर जे चाललेलं असतं ते ऐकायला आपण बसलेलो असतो. इथे बास आणि ड्रम लेहऱ्याचं काम करतात. बदलत काय असतं, तर आवाजाचा पोत. गिटार तेच चार सूर वाजवतेय पण फझ, म्हणजे सुराची खरखर, वाढत गेलाय, डिलेमुळे, म्हणजे वाजलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या यंत्रामुळे, मागचा सूर पुढच्या सुरावर चढतोय, आणि तीन-चार मिनिटांनी कान रिफ ऐकायचं सोडून देतो आणि तिच्या आतल्या बारीक बारीक गोष्टी ऐकायला लागतो. तिथपर्यंत थांबलात की मग दहा मिनिटं कमी वाटतात, अगदी मनापासून सांगतो.

हे सगळं 1966 च्या आसपास सुरू झालं. बीटल्सच्या 'रिव्हॉल्वर' या अल्बमचं शेवटचं गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर आहे, खाली तानपुरा धरलेला, टेपचे तुकडे गोल जोडून त्यांचे लूप करून ते वेगवेगळ्या मशिनवर एकाच वेळी फिरवलेले, आणि लेननचा आवाज ऑर्गनसाठी असलेल्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या 'थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स' या बँडने पहिला अल्बम काढला, त्यात एक माणूस चक्क सुरईसारख्या भांड्यात (इंग्रजीत 'जग') तोंडाने आवाज काढतोय आणि तो माइकवर घेतलाय, जवळजवळ सगळ्या गाण्यांत ते गुटुक गुटुक मागे चालू असतं. वर्षाच्या शेवटी लंडनला यूएफओ क्लब सुरू झाला, तिथे पिंक फ्लॉइड हा बँड त्याच्या सुरुवातीच्या काळात वाजवायचा आणि भिंतीवर रंगीत तेल-पाण्याच्या स्लाइड चालायच्या. काचेमध्ये रंग, खालून प्रोजेक्टरचा दिवा, उष्णतेने थेंब फुगतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात, आणि दुसऱ्यांदा तसंच चित्र कधीच येत नाही.

शेवटचं वाक्य लक्षात ठेवा कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. या संगीतात रेकॉर्ड म्हणजे गाण्याचं एक रूप, त्या दिवशी स्टुडिओत जसं झालं तसं. ते पुन्हा तसंच करून दाखवायचं असा बँडचा हट्ट नसतो. टेम इम्पाला या बँडचा केव्हिन पार्कर अल्बमवर जवळजवळ सगळी वाद्यं एकटा वाजवतो पण स्टेजवर पूर्ण बँड असतो, मग तेच गाणं पाच माणसांच्या हातात वेगळं होतं, व्हायलाच पाहिजे. माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा बँड घ्या, ते तर एका गाण्याच्या मधोमध एकच प्रचंड आवाज धरून ठेवतात, पंधरा-वीस मिनिटंसुद्धा, आणि शोच्या आधी लोकांना इअरप्लग वाटतात. आणि किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड, माझा सगळ्यात लाडका बँड, मेलबर्नचा. 2017 मध्ये एका वर्षात पाच अल्बम काढले, त्यातला 'पॉलिगॉन्डवानालँड' फुकट देऊन टाकला, कोणीही छापा, विका. त्याच वर्षीच्या एका अल्बमसाठी गिटारला जादा पडदे (फ्रेट) बसवून घेतले, म्हणजे कोमल आणि शुद्धच्या मधले सूर सुद्धा लागतात, आपल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटेल. आणि सेटलिस्ट, म्हणजे शोमध्ये वाजवायच्या गाण्यांची यादी, रोज वेगळी, आज ऐकलेलं गाणं उद्या असेलच असं नाही.

इंडी हा शब्द मुळात आवाजाचा नाहीच, इंडिपेंडंट म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय छोट्या लेबलवर काढलेलं संगीत एवढंच. आता त्याचा अर्थ सैल झालाय, त्यावर वाद घालत बसू नका.

आता त्या दोन रात्री. छोटा हॉल होता, मी दोन्ही दिवशी पहिल्या रांगेत डाव्या बाजूला उभा होतो कारण तिथून गिटारिस्टच्या पायाशी ठेवलेली पेडल, म्हणजे आवाज बदलणारी छोटी यंत्रं, दिसत होती. पहिल्या रात्री शेवटचं गाणं आठेक मिनिटांचं झालं, अल्बमवर आहे जवळपास तसंच, मस्त झालं, संपलं. दुसऱ्या रात्री त्याच गाण्यात गिटारिस्टची तार तुटली. त्याने तार बदलली नाही की दुसरी गिटार घेतली नाही, गिटार तशीच गळ्यात लोंबकळत ठेवून तो गुडघ्यावर बसला आणि डिलेच्या पेडलचा एक नॉब दोन बोटांनी हळूहळू फिरवायला लागला. आधीच वाजून गेलेला सूर परत परत येत होता आणि प्रत्येक वेळी थोडा जाड होऊन येत होता. बासवाली त्याच्याकडे बघतच नव्हती, तिची नजर ड्रमरच्या पायावर, आणि ड्रमरने एक ठोकासुद्धा हलू दिला नाही. आवाज इतका वाढला की छातीत कळायला लागला, मग त्याने नॉब झटक्यात मागे घेतला आणि तिघंही बरोबर समेवर आले. हॉलमधले सगळे एकदम ओरडले, मी पण ओरडलो, आणि शेजारच्या अनोळखी मुलाने माझा दंड घट्ट पकडला होता हे मला नंतर कळलं. ते किती मिनिटं चाललं खरंच सांगता येणार नाही. अल्बमवर ते नाही आणि पुढेही कधी नसेल.

शोला जाणार असाल तर इअरप्लग घ्याच, याबाबतीत मी हट्टी आहे. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी 100 डेसिबलची सरासरी मर्यादा सुचवलीय, पण छोट्या जागेत ती कोण मोजतंय. चांगल्या प्लगने आवाज कमी होतो, गढूळ होत नाही. आणि गाणं नीट ऐकायचं असेल तर साउंड मिक्स करणाऱ्याच्या आसपास उभे राहा. पुढे अँपचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरचा, आवाज थेट अंगावर येतो आणि गाणाऱ्याचे शब्द हरवतात. मी तरी पुढेच जातो, मला हात बघायचे असतात.

सुरुवात करायला टेम इम्पालाचा 2012 चा 'लोनरिझम' घ्या, त्यात चाली आहेत त्यामुळे परकं वाटणार नाही. मग किंग गिझर्डचं कुठलंही एक गाणं आधी अल्बमवर आणि मग तेच दोन-तीन लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये लागोपाठ ऐका, त्यांची ढीगभर सापडतील. हेडफोन लावा, मोबाइल बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा फक्त बास धरून ऐका. कुठलं गाणं घेतलंत ते इथे खाली लिहा, मला खरंच वाचायचंय.