पुण्याची फुल मॅरेथॉन पळाल्यावर सहा आठवड्यांनी मुंबईची आहे. मधल्या काळात सराव कसा करावा आणि पेस काय ठेवावा?

तुमचा सराव पुण्याआधीच झालाय हो. सहा आठवड्यांत नवीन काही कमावता येत नाही. पहिला आठवडा बूट कपाटात. मग गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने थोडंथोडं. चौथ्या आठवड्याच्या आसपास एखादा २२-२४ किलोमीटरचा लाँग रन, त्यात थोडा मॅरेथॉन पेस, म्हणजे शर्यतीत ठेवायचा वेग, आणि मग टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव हळूहळू कमी करणं. संपलं.

एवढी साधी गोष्ट आमच्या नाशिकच्या ग्रुपला पटवताना माझी पुरेवाट झाली होती. ग्रुपमध्ये एक स्वयंघोषित कोच आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. पुणे होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील, सरांनी फर्मान काढलं: रविवारी त्र्यंबकपर्यंत पळत. म्हणजे २८-३० किलोमीटर, तोही अंजनेरीकडे चढत जाणारा रस्ता! मांड्या दुखायच्या थांबल्या तरी आतले स्नायू भरून यायला दोन-तीन आठवडे लागतातच. मी गेलो नाही. गोल्फ क्लब ग्राउंडवर रमतगमत फेऱ्या मारल्या. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर त्र्यंबकचे फोटो आणि खाली सरांचा टोमणा, "काका, सावरपाडा एक्स्प्रेसच्या जिल्ह्यातले आपण, आराम कसला करता?" अहो, सावरपाडा एक्स्प्रेस म्हणजे धावपटू कविता राऊत, तिने २०१० च्या एशियाडमध्ये रौप्य मिळवलं ते १०,००० मीटरमध्ये. त्याचा इथे काय संबंध?

मुंबईत परतीचा पेडर रोडचा चढ ३५ किलोमीटरनंतर येतो. तिथे सर दिसले, कमरेवर हात ठेवून चालत. "चला सर" म्हटलं आणि पुढे गेलो. आजही ते दमट हवेला दोष देतात. माझ्यासाठी काय एसी लावला होता?

पेसचं राहिलंच. डिसेंबरच्या थंडीत घड्याळावर दिसतो तो पेस मुंबईला विसरा. पुण्यापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद हळू निघा, सी लिंकवर उत्साहात येऊ नका, पेडर रोड संपेपर्यंत कुणाच्या मागे लागू नका. त्यानंतर पायात काही उरलं असेल तर सोडा गाडी.

अर्थात पुणे तुम्ही नुसता लाँग रन म्हणून आरामात पळाला असाल, तर मोठं अंतर लवकर घेतलं तरी चालेल. आणि लंगडायला होत असेल तर मुंबई यंदा सोडून द्या. सर मात्र पुण्याला पीबीसाठी, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम वेळेसाठी, जीव काढून पळाले होते, त्यांना ही सूट नाही.