बैठकीला न आलेल्या माणसाची सही

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

पुण्यातली नोकरी सोडून कराडला घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करायचं ठरवलं आहेस, हे तुझ्या आत्याकडून कळलं. मी तुला समजावून परत पाठवावं अशी तिची इच्छा आहे. मी तसं काही करणार नाही. पण तुझ्या मेसेजमधले सगळे प्रश्न भावाचे आहेत : मलकापुरात काय रेट चाललाय, विद्यानगरला काय, पेठेत गुंठ्याला काय मागतात. हे भाव दोन-चार महिन्यांत तुझे तुलाच तोंडपाठ होतील. आपल्याकडे व्यवहार भावावर क्वचित अडतो. तो सहीवर अडतो.

पुण्यात तू नवीन स्कीम पाहिल्यास. तिथे विकणारा एक आणि घेणारे शंभर. इथे शनिवार पेठेतलं जुनं घर विकायला निघतं तेव्हा विकणारं एक अख्खं घराणं असतं. बैठकीला थोरला येतो. तोच बोलतो, तोच चहा सांगतो, तोच भाव तोडतो आणि विसाराचा, म्हणजे व्यवहार पक्का करायला दिलेल्या आगाऊ रकमेचा, चेकही तोच खिशात घालतो. पंधरा दिवसांनी कळतं की धाकटा इचलकरंजीला आहे आणि त्याला काही विचारलेलंच नाही, एक बहीण कोरेगावला दिलेली आहे, आणि चुलत्याच्या मुलाचं नाव उताऱ्यावर अजून तसंच आहे. म्हणून बैठकीत बसलीस की आधी कोण आलेलं नाही ते शोध.

त्यासाठी उतारा, म्हणजे मिळकत कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी कागद, वाचायला शिक. कराडच्या पेठांमध्ये सिटी सर्व्हे झालेला आहे, तिथे मालमत्ता पत्रक मिळतं. नदीपलीकडे विद्यानगर सैदापूर ग्रामपंचायतीत, तिथे प्लॉटला सातबारा. मलकापूरची नगरपरिषद वेगळी. एकाच गावात फिरतोय असं वाटतं आणि दहा मिनिटांत तीन कारभार बदलतात. खेड्यातल्या गावठाणात घर असेल तर लोक ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे करतात आणि छातीठोकपणे सांगतात, ‘हे बघा, माझ्या नावावर आहे.’ नमुना आठ हा कर आकारणीचा कागद. घरपट्टी कोण भरतो एवढं त्यावरून कळतं, मालक कोण ते कळत नाही. लाइट बिलाचंही तेच.

उताऱ्यावर नावांच्या मागे-पुढे बारीक अक्षरं असतात, त्यांच्यावरून नजर घसरू देऊ नकोस. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून तिथे लागलाय, त्याच्यामागे सगळं कुटुंब उभं आहे असं समज. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ज्या मुलासाठी ते लिहिलं तो आज पन्नाशीचा झालेला असतो आणि कागदावर अजून अज्ञानच असतो. खरोखर अज्ञान वारस असेल तर मात्र तिथेच थांब आणि वकिलाला विचार, कारण जिल्हा न्यायालयाची परवानगी लागण्याची वेळ येऊ शकते. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाच. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शिक्का, सगळं तिथेच दडलेलं असतं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली जमीन, असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री नाही. आणि प्रत्येक नाव कोणत्या फेरफाराने, म्हणजे नाव बदलाच्या नोंदीने, आलं, तो फेरफार काढून बघ. उतारा नुसती आजची स्थिती सांगतो. भांडणाचं मूळ फेरफारात सापडतं.

आता बहिणींचं. या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या भागात वडील गेले की वारस नोंदीत मुलांची नावं लागायची आणि मुलींची राहून जायची. राहून जायची म्हणजे लावली जायची नाहीत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हिस्सेदार झाली. तरी ‘वडील २००५ च्या आधीच वारले, मग बहिणीचा काय संबंध’ असं म्हणणारे भाऊ तुला पावलोपावली भेटतील. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निकालात काढला, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही असं स्पष्ट सांगून. जुनं नोंदणीकृत वाटप झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते वकील बघेल. तू एवढंच लक्षात ठेव : उताऱ्यावर बहीण नाही म्हणून बहीण नाहीच, असं होत नाही.

भाऊ म्हणतील, ‘ती काही मागणार नाही, साडीचोळी केली की सही करेल.’ करेलही. पण ती सही नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर हवी, किंवा खरेदीखतात तिने संमती देणारी म्हणून स्वतः उभं राहायला हवं. घरी बसून कोऱ्या कागदावर घेतलेली सही तुझ्या खरेदीदाराला वाचवणार नाही. आणि तिला हिस्सा हवा असेल तर तो किती, हे भाव ठरवण्याआधी घरात ठरलं पाहिजे. नंतर ठरवायला गेलं की ती रक्कम खरेदीदाराकडून काढायचा प्रयत्न होतो आणि व्यवहार फिसकटतो.

या बाबतीत तुझी एक जमेची बाजू आहे, तुझ्या आत्याला ती दिसत नाही. मी गेलो की मला सोप्यात बसवतात. समोर पुरुषमाणसं, आतून फक्त बांगड्यांचा आवाज. तुला आत जाता येईल. चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, म्हातारी आई सहज बोलून जाते की थोरलीचं मन नाही हो विकायला, किंवा धाकट्याच्या बायकोने दागिने मोडून वरचा मजला बांधलाय, त्याचं आधी बघा. हे सोप्यात कुणी बोलत नाही. ऐकून घे, आणि ऐकलेलं बाहेर येऊन बोलू नकोस. त्या घरातलं दुसऱ्या घरात गेलं की तुझं दार दोन्हीकडे बंद.

मुंबईत माथाडीत गेलेले, पुण्यात स्थायिक झालेले, आखातात असलेले हिस्सेदार दिवाळीला, मे महिन्यात आणि गावच्या यात्रेला येतात. सह्यांचा हंगाम तोच. पितृपक्षात कुणी विसारही देत नाही. तो काळ उतारे आणि सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या दस्तांच्या शोधाचा वकिली अहवाल, काढायला वापर. परदेशातला भाऊ येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागव. ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे बऱ्याच जणांना शेवटच्या दिवशी कळतं. शिवाय विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, बराच जास्त कापावा लागतो. ५० लाख किंवा त्यापुढे एक टक्का, हा नियम निवासी विकणाऱ्यापुरता. हे सीएला आधी विचारून ठेव, दस्ताच्या टेबलावर नको.

भावाबद्दल थोडं लिहितोच, नाहीतर म्हणशील टाळलं. आपल्याकडे एका गल्लीत वर्षाला दोन-चार घरं विकली जातात, त्यामुळे बाजारभाव असा काही नसतोच. असतात त्या अफवा. ‘त्या देशपांड्यांचं एवढ्याला गेलं’ म्हणतात, प्रत्यक्षात जाऊन विचारलं तर ते अजून विकलेलंच नसतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढ, पण त्यातला आकडा म्हणजे दस्तात लिहिलेला आकडा, एवढंच धर. मोजमापातही गोंधळ असतो. मालक गुंठ्यात बोलतो, पत्रक चौरस मीटरमध्ये असतं, आणि आजोबांच्या खरेदीखतात घर खणांत मोजलेलं असतं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चतुःसीमा प्रत्यक्ष उभं राहून ताडून बघ, आणि शंका आली तर भूमी अभिलेखची मोजणी मागून ‘क’ प्रत घे.

खरा फरक पाडणारा प्रश्न एकच : या घरावर लोन होतं का? बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि मालकीची सलग साखळी असेल तर शिक्षक, बँकवाले, हॉस्पिटलमधले नोकरदार असे गिऱ्हाईक मिळतात. यातलं काही नसेल तर फक्त रोखीवाला उरतो, आणि रोखीवाला भाव पाडूनच मागतो. दोन शेजारी घरं, सारखंच क्षेत्र, भावात एवढी तफावत का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. पेठेतल्या वाड्याला रस्त्याकडेने जुने भाडेकरू दुकानदार असतील तर तफावत आणखी वाढते. विकायला आलेल्याला सहा महिने थांबवून कागद पुरे करायला लावलेस तर त्याला त्याचे पैसे वाढलेले दिसतील. तो थांबणार नाही, घाई करेल, पण सांगून बघ.

रोखीचा विषय निघणारच. ‘चेकचे किती, वरचे किती?’ वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेतली तर ती रोख घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो, ही गोष्ट विकणाऱ्याला मोकळेपणाने सांग. दस्तात किंमत कमी दाखवून मुद्रांक वाचत नाही, कारण ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, यांत जे जास्त त्यावरच तो लागतो. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, ती मात्र सरळ मार्गाने मिळते. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. रोखीचं ठरवणाऱ्या दोघांच्या मध्ये तू बसू नकोस. उद्या भांडण झालं तर साक्षीला तुलाच बोलावतील.

आणि ‘मला हातात एवढे दे, वरचे तुझे’ असं कुणी म्हटलं तर नको म्हण. पैसा त्यात जास्त दिसतो. पण सोमवारी खरेदीदार आणि विकणारा मंडईत समोरासमोर येतात, आकडा निघतो, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. एक टक्का असो की दोन, पहिल्याच भेटीत सांग, व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, दोन्हीकडून घेणार असशील तर दोन्हीकडे सांग. विसार स्वतःच्या हातात एक दिवससुद्धा ठेवू नकोस. चेक थेट विकणाऱ्याच्या नावाने, पावतीवर सह्या कोणाकोणाच्या लागणार त्यांची पूर्ण यादी आणि साठेखताची, म्हणजे विक्रीच्या आधीच्या कराराची, तारीख.

घर बघायला जाशील तेव्हा भिंतीकडे बघ. कृष्णा-कोयनेच्या काठच्या वस्त्यांत २०१९ आणि २०२१ चं पाणी आठवणारी माणसं आहेत. खालच्या तीन फुटांचा गिलावा नवा आणि वरचा जुना, रंगाची छटा किंचित वेगळी, विजेचा मीटर एकदम हाताला न येईल इतक्या उंचीवर चढवलेला, असं दिसलं तर मालकाला विचारण्याआधी शेजारच्या किराणा दुकानदाराला विचार. नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा बघ. खरेदीदाराला हे तूच सांगायचं, मालक नाराज झाला तरी.

गावाबाहेर शेतात पाडलेले गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट तुझ्याकडे भरपूर येतील, नोटरी केलेल्या कागदावर विकलेले. नोटरीने मालकी जात नाही. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) एवढ्यावरही जात नाही, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सांगून ठेवलंय. असे तुकडे नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट मोकळी झाली. तरी प्रत्येक प्लॉट त्यात बसतोच असं नाही, आणि शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडू न देणारे तुकडेबंदीचे नियम वरचेवर बदलतात. नियमित झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय असा प्लॉट दाखवायलाही नेऊ नकोस. सुरुवातीला तुला वाटेल, धंदा सोडतोय. सोड.

महारेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, मात्र आधी उरक. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायचा तर एजंटालाही नोंदणी लागते, आणि २०२३ साली त्यांनी आपल्याला प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. आमच्या वयाची मंडळी त्यावरून अजून कुरकुरतात. तुझ्यासाठी ती दोन संध्याकाळचा अभ्यास आहे. आपल्याकडच्या बऱ्याच इमारती आठ फ्लॅटच्या आत किंवा ५०० चौरस मीटरच्या आतल्या जागेवर असतात, त्यांना नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तिथे खरेदीदाराला संकेतस्थळावर बघायला काही नसतं. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला करार, हे सगळं तुलाच मागून बघावं लागेल.

दस्त झाला की पेढे वाटून लोक विसरतात. तू विसरू नकोस. सातबारा असेल तर फेरफाराची नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. सिटी सर्व्हेत वेगळा अर्ज. घरपट्टी वेगळी, महावितरण वेगळं. या सगळ्या ठिकाणी नवं नाव लागेपर्यंत पाठपुरावा कर आणि उताऱ्याची प्रत स्वतः नेऊन दे. पुढचं गिऱ्हाईक त्याच घरातून येतं.

सर्चसाठी एक वकील बाई आहेत, चिकट काम करतात, तीस वर्षांचा शोध खरंच तीस वर्षांचा काढतात. त्यांच्याशी ओळख करून देईन. दसऱ्याच्या आधी ये. माझ्याकडे सोमवार पेठेतलं एक घर आलंय, पाच भावंडं, त्यातल्या दोघी बहिणी अजून मला भेटलेल्या नाहीत. त्यांच्याकडे तुलाच जायचंय.

तुझा,
काका