पोरं पळतात, पण चेंडू मागत नाहीत

"मागच्या वर्षीचीच मुलं, सरावही तेवढाच, मग यंदा हरतायत का?" हंगाम अर्ध्यावर आला की कॉलेज संघांचे प्रशिक्षक माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हा प्रश्न घेऊन येतात. मेहनत कमी पडते, एकी नाही, चांगला स्ट्रायकर शिकून बाहेर पडला, अशी कारणंही सोबत आणतात. शेवटचं कारण बहुधा खरं असतं, पण तेवढ्याने अख्खा संघ कोलमडत नाही.

अशाच एका फुटबॉल संघाचा कर्णधार माझ्याकडे आला. "सगळे जीव तोडून पळतात, मॅडम. नशीबच साथ देत नाही."

मी हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग मागवलं. बचावपटूच्या पायात चेंडू होता, तो पास द्यायला कुणीतरी शोधत होता आणि मधल्या फळीतला जो तो प्रतिस्पर्ध्याच्या बरोब्बर आड उभा. शेवटी त्याने लांब किक मारली आणि चेंडू समोरच्यांकडे गेला.

"यात तू कुठे आहेस?"

त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"दोन पावलं बाजूला सरकला असतास तर?"

"पास मलाच आला असता." बराच वेळ तो गप्प होता. "मला चेंडू नकोच असतो, मॅडम. पहिल्या सामन्यात माझ्यामुळे गोल झाला, तेव्हापासून."

या एका वाक्यासाठी मी तीन भेटी थांबले होते. घाई केली असती, तर ते आलंच नसतं. आणि एकदा कर्णधार बोलल्यावर बाकीचेही बोलू लागले. प्रत्येकाला वाटत होतं, लपणारा आपण एकटेच.

हा आळस नव्हे. ज्याच्याकडे चेंडू येत नाही, त्याची चूक दिसत नाही. म्हणून जास्तीच्या फेऱ्या मारायला लावून काही सुधारत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून सांगत आले, की प्रसंगापेक्षा त्याबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त छळते. 'माझ्याकडून चूक होताच कामा नये' ही ती समजूत, आणि मैदानाबाहेरून नाव घेऊन ओरडणारा प्रशिक्षक ती रोज पक्की करतो.

प्रशिक्षकांना मी सांगितलं, सामन्यानंतर पहिली चूक तुमची सांगा. त्यांनी चुकीच्या वेळी खेळाडू बदलल्याचं सांगितलं, तेव्हा मुलं चकित झाली. "अशाने शिस्त जाईल," ही प्रशिक्षकांची धास्ती होती. पण संशोधक ॲमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात (१९९६) चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त आढळली होती, कारण तिथे चूक लपवावी लागत नव्हती.

चेंडू किती वेळा गमावला हे मोजू नका, किती वेळा मागितला ते मोजा. गोल खाल्ल्यावर बोट दाखवू नका, पुढची जागा सांगा. आणि एखाद्याची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर त्याला समुपदेशकाला वेगळं भेटू द्या. ते संघाच्या बैठकीत सुटत नाही.