अजाइल प्रोजेक्टमध्ये क्वालिटी नक्की मोजायची कशी? मॅनेजर दर स्प्रिंटला बगचा आकडा मागतो

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग जरा वाईटही वाटलं, कारण सात डेव्हलपर, दोन टेस्टर, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (अजाइलमध्ये काम अशा छोट्या ठरलेल्या टप्प्यांत करतात) आणि स्प्रिंट संपला की मॅनेजरचा मेल, "या वेळी बग किती काढले, मागच्या वेळेपेक्षा कमी का", हे सगळं मी हिंजवडीत बसून तीन वर्षं जसंच्या तसं भोगलंय. टेस्टिंगमध्ये मला ११ वर्षं झाली. माझं मत विचाराल तर सापडलेल्या बगचा आकडा हा क्वालिटीचा आकडाच नाहीये. तो आकडा मागितला की लोक तो आकडा आणून देतात, बास.

म्हणजे होतं काय, की टेस्टरला वाटतं आपलं अप्रेझल बगवर आहे, मग एकाच स्क्रीनवरच्या पाच स्पेलिंगच्या चुका पाच वेगवेगळ्या तिकिटांत (म्हणजे बगच्या नोंदींत) जातात. डेव्हलपरला वाटतं आपल्या नावावर बग नको, मग प्रत्येक तिकिटावर भांडण, हा बग नाही, ही चेंज रिक्वेस्ट आहे, रिक्वायरमेंटमध्ये कुठे लिहिलंय दाखवा. आम्ही एकदा अख्खा मंगळवार यात घालवलाय. आणि ज्या स्प्रिंटमध्ये टीमने नीट विचार करून कोड लिहिला, बग कमी निघाले, त्याच स्प्रिंटला टेस्टरला विचारणा, तुम्ही काम करत होतात ना?

आता एक किस्सा सांगते, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. कर्जाचं प्रोजेक्ट होतं, कुठल्या क्लायंटचं ते राहू दे. स्टोरी (म्हणजे करायच्या कामाचा एक तुकडा) अशी की ग्राहकाने कर्जाची काही रक्कम मधेच भरली, म्हणजे पार्ट पेमेंट केलं, तर पुढचा हिशोब नीट व्हावा. वरून आदेश होता की युनिट टेस्टचं (कोडचे छोटे भाग तपासणाऱ्या टेस्टचं) कव्हरेज ८० टक्क्यांच्या वर पाहिजे, आणि सोनारक्यूब या कोड तपासायच्या टूलवर आमचं ८७ दिसत होतं, सगळं हिरवंगार. डेमो झाला, टाळ्या झाल्या, रिलीज झालं. पुढच्या महिन्यात तक्रार आली की एका माणसाचं व्याज कमी लागलंय (ग्राहकाने तक्रार केली नव्हती हे सांगायला नको, बँकेच्याच ऑडिटमध्ये निघालं). बघितलं तर त्याने हप्त्याच्या तारखेलाच २ लाख भरले होते. आमच्या कोडने आधी ते २ लाख मुद्दलातून वजा केले आणि मग गेल्या महिन्याचं व्याज उरलेल्या मुद्दलावर काढलं. पण गेला महिनाभर तर ते पैसे त्याच्याकडेच होते ना. ९ टक्क्यांनी २ लाखांचं महिन्याचं व्याज १५०० रुपये, तेवढे कमी लागले.

मग मी त्या फंक्शनच्या टेस्ट उघडून बघितल्या. चौदा होत्या. त्यातल्या अकरा टेस्ट फंक्शन चालवायच्या आणि उत्तर रिकामं नाहीये ना एवढंच तपासायच्या. उत्तर बरोबर आहे का हे कुणी विचारलंच नव्हतं. कव्हरेज म्हणजे कोडच्या किती ओळी टेस्ट चालताना चालल्या एवढंच कळतं, ओळ चालली म्हणून ती बरोबर चालली असं होत नाही. त्या डेव्हलपरचा पण दोष नाही म्हणा, त्याला ८० मागितले होते, त्याने ८७ दिले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

हा बग आमच्या टेस्टिंगमध्ये का सापडला नाही, तेही सांगते. स्टोरी माझ्याकडे आली गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला आणि डेमो शुक्रवारी अकराला. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये पहिले आठ दिवस कोडिंग आणि शेवटच्या दीड दिवसात टेस्टिंग हे अजाइल नाहीच, हा छोटा वॉटरफॉल (आधी सगळं कोडिंग, मग शेवटी सगळं टेस्टिंग) आहे, फक्त रोज सकाळी उभं राहून मीटिंग करायची. तुमच्याकडे पण असंच असणार, पैज लावते. जिरावर (तिकिटं ठेवायचं टूल) बघा, शेवटच्या दोन दिवसांत किती स्टोऱ्या एकदम टेस्टिंगच्या कॉलममध्ये सरकतात. क्वालिटीवर लक्ष ठेवायचंय तर मी पहिल्यांदा हेच बघेन, याला वेगळा डॅशबोर्ड लागत नाही.

त्यानंतर आम्ही जे बदललं त्यातलं सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं काम अगदी साधं होतं. स्टोरी सुरू करायच्या आधी पीओ (प्रॉडक्ट ओनर, काय बनवायचं ते ठरवणारा), डेव्हलपर आणि टेस्टर अशा तिघांनी वीस मिनिटं बसायचं (याला थ्री अमिगोज म्हणतात, नाव जरा फिल्मी आहे) आणि खरे आकडे घालून उदाहरणं लिहायची. कर्ज इतकं, दर इतका, हप्त्याच्या आदल्या दिवशी पैसे भरले तर काय, त्याच दिवशी भरले तर काय, दुसऱ्या दिवशी भरले तर काय. "त्याच दिवशी भरले तर" हा प्रश्न तेव्हा कुणी वीस मिनिटांत विचारला असता तर तो बग जन्मालाच आला नसता. मग हीच उदाहरणं टेस्टमध्ये जातात, अपेक्षित उत्तरासकट.

दुसरं म्हणजे डेफिनिशन ऑफ डन, काम झालं असं कधी म्हणायचं त्याची व्याख्या. सगळ्यांच्या कॉन्फ्लुएन्सवर (टीमची कागदपत्रं ठेवायची जागा) त्याचं एक पान असतं आणि ते कुणी उघडत नाही. आमच्या पानावर "टेस्टिंग पूर्ण" असं लिहिलं होतं, आता याचा अर्थ ज्याने त्याने लावायचा. स्क्रम गाइडच्या (स्क्रम या अजाइल पद्धतीची अधिकृत पुस्तिका) २०२० च्या आवृत्तीत सरळ लिहिलंय की जे काम या व्याख्येत बसत नाही ते रिलीज तर सोडाच, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवायचंसुद्धा नाही, परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत जाणार. आम्ही हे खरंच पाळायला लागलो तेव्हा पहिल्या स्प्रिंटला नऊपैकी चार स्टोऱ्या परत गेल्या आणि जाम बोलणी खाल्ली. तिसऱ्या स्प्रिंटपासून लोक आपोआप लहान स्टोऱ्या घ्यायला लागले आणि सोमवार-मंगळवारपासूनच माझ्याकडे काहीतरी टेस्टिंगला यायला लागलं.

बिल्डबद्दल थोडं. आमची सिलेनियमची (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) टेस्ट रात्री चालायची, साडेतीन तास, आणि सकाळी जेंकिन्सवर (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारं टूल) दहा-बारा लाल. त्यातल्या अर्ध्या उगाच फेल व्हायच्या, परत चालवल्या की पास. मग सवयच लागली, लाल दिसलं की बघायचं नाही, रीरन दाबायचं. एकदा खरा बग त्याच लाल गर्दीत तीन दिवस बसून होता. टेस्ट कधी पास कधी फेल होत असेल तर ती बाजूला काढा, दुरुस्त करा नाहीतर सरळ डिलीट करा, पण अर्धवट ठेवू नका. आम्ही स्क्रीनवरून होणाऱ्या बऱ्याचशा टेस्ट एपीआयच्या पातळीवर (स्क्रीन न उघडता थेट सर्व्हरशी बोलून) आणल्या आणि सगळं ४० मिनिटांत व्हायला लागलं, मग प्रत्येक मर्जला (नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळताना) चालवणं परवडायला लागलं. बिल्ड लाल झालं की ज्याने मोडलं त्याने हातातलं काम सोडून आधी ते बघायचं हा नियम, चहाला जायच्या आधी.

आणि रिलीजच्या पायऱ्यासुद्धा क्वालिटीतच येतात, ते ऑप्सचं (सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं) काम म्हणून सोडू नका. नाईट कॅपिटल नावाची अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनी, १ ऑगस्ट २०१२ ची गोष्ट, नवीन कोड आठपैकी सातच सर्व्हरवर गेला, आठव्यावर जुना राहिला आणि तो चुकीच्या ऑर्डरी टाकत सुटला, पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. टेस्टरने कितीही बग काढले असते तरी आठवा सर्व्हर त्यात दिसला नसता.

तर मॅनेजरला काय द्यायचं? मी हे देते: ग्राहकापर्यंत किती बग पोचले आणि त्यातला प्रत्येक आधी कुठे पकडता आला असता (हा दुसरा भागच खरा महत्त्वाचा, नुसता आकडा देऊ नका, दोन ओळी लिहा). परत उघडलेली तिकिटं किती. सगळ्यात जुना उघडा बग किती दिवसांचा आहे. दर किती रिलीजमागे एक परत घ्यावं लागतं किंवा घाईघाईत पॅच टाकावा लागतो, आणि प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती सिस्टम) बंद पडलं तर पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. हे शेवटचे दोन डोराच्या (सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवरचं संशोधन) प्रसिद्ध चार मेट्रिक्समधले आहेत, बाकीचे दोन म्हणजे किती वेळा डिप्लॉय करता आणि कमिटपासून प्रॉडक्शनला जायला किती वेळ लागतो, ते पण टाका हवे तर, मॅनेजर लोकांना ती नावं माहीत असतात. कव्हरेज दाखवायचंच असेल तर टीमपुरतं ठेवा, टार्गेट म्हणून नको. व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम झालं) तर या पानावर अजिबात नको, पॉइंट वाढवायला फक्त एस्टिमेट वाढवावं लागतं.

आकडे माणसाच्या नावाने कधीच काढू नका. एकदा का "अमक्याचे बग" असा कॉलम आला की लोक बग तिकिटात लिहायचे बंद होतात, चॅटवर सांगून गुपचूप मिटवतात, आणि तुम्हाला छान हिरवा डॅशबोर्ड मिळतो.

अजून एक, सुरू करायच्या आधीच मॅनेजरला सांगून ठेवा की पहिले दोन-तीन महिने ग्राहकाकडच्या बगचा आकडा वाढलेला दिसेल. कारण आत्तापर्यंत सपोर्टवाले ते परस्पर मिटवत होते आणि तुमच्या जिरात येतच नव्हते. मी हे सांगितलं नव्हतं, आणि पहिल्याच रिव्ह्यूत मला विचारलं गेलं की तुमच्या नव्या पद्धतीने क्वालिटी खाली कशी गेली.