वही बंद झाली का?

पत्र : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मैत्रीण आणि मी मिळून संगीत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक वेब अ‍ॅप बनवतोय. हजेरी, फी, तासांचं वेळापत्रक, बुडालेले तास भरून देणं, सगळं त्यात आहे. अकरा महिने झाले, पण लाँच करायचं धाडस होत नाही, कारण दर वेळी काहीतरी राहिलंय असं वाटतं. मैत्रीण म्हणते, कोड नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे अ‍ॅप ज्यावर उभं राहतं त्या तयार सांगाड्यात, पुन्हा लिहू. मध्यंतरी तीन शिक्षिकांना फुकट वापरायला दिलं होतं. त्या 'छान आहे' म्हणाल्या, पण दोन आठवड्यांनी त्यांचं वापरणं थांबलं. प्लेसमेंटमधून एका कंपनीची ऑफर आली आहे आणि बाबा म्हणतात नोकरी घे. सर, लाँच कधी करू? पैसे घेऊ की फुकट ठेवू? कोड पुन्हा लिहायचा का? आणि नोकरीचं काय करू?

उत्तर :

तू चार प्रश्न विचारलेस, पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या चारांत नाही. ती तू जाता जाता लिहून टाकली आहेस : तीन शिक्षिका 'छान आहे' म्हणाल्या आणि दोन आठवड्यांत थांबल्या. का थांबल्या, हे त्यांना विचारलंस का? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही, म्हणजे बहुधा विचारलेलं नाही. मग तिथूनच सुरुवात करू.

'लाँच कधी करू' हा प्रश्न आता उरलेला नाही. पहिल्या बाईंनी पासवर्ड टाकून लॉगिन केलं त्या दिवशी तुमचं लाँच होऊन गेलं. केक कापला नाही, पोस्ट टाकली नाही, एवढंच. आणि त्या लाँचचा निकालही आलेला आहे. तुम्ही दोघींनी तो उघडून पाहिला नाही.

पूर्वी मी काही वर्षं एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवायचो. आमच्याकडेही फीचरची मोठी यादी होती, जवळजवळ सगळी पुरी केलेली. एका दवाखान्यात ते बसवलं. महिन्याभरानं सहज गेलो, तर रिसेप्शनवरच्या बाईंच्या समोर कॉम्प्युटर चालू आणि त्याच्या शेजारी जुनी वही उघडी. फोन आला की त्या आधी वहीत लिहायच्या आणि दुपारी गर्दी ओसरली की तेच सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. म्हणजे आम्ही त्यांचं काम दुप्पट करून ठेवलं होतं. आणि 'कसं वाटतंय?' विचारलं की म्हणायच्या, "छान आहे हो."

त्या दिवशी मी काही न बोलता शेजारच्या खुर्चीवर तासभर बसलो. फोन वाजला. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, गुरुवारी कधी येऊ? बाईंनी फोन खांद्यावर धरला, वहीचं पान उलटलं आणि गुरुवारच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. चार सेकंदांत उत्तर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये गुरुवार दिसायच्या आधी पेशंटचं नाव, वय, पत्ता, फोन, आधी कधी आला होता वगैरे अकरा रकाने भरावे लागत. ते आमच्या दृष्टीनं 'व्यवस्थित' होतं. फोनवर माणूस ताटकळत असताना ते कोण भरणार?

आम्ही क्रम उलटा केला. उघडताच पूर्ण आठवडा समोर, रिकाम्या जागेवर क्लिक, फक्त नाव, बाकी नंतर. तरी वही बंद होईना. पुन्हा जाऊन बसलो, तेव्हा कळलं की बाईंना संध्याकाळी उद्याची यादी कागदावर हवी असते, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायला. प्रिंटचं एक बटण दिलं. पुढच्या आठवड्यात वही ड्रॉवरमध्ये गेली. हे बटण आमच्या एवढ्या मोठ्या यादीत कुठेच नव्हतं, आणि ते करायला अर्धा दिवससुद्धा लागला नव्हता.

तुमची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपशी असेल असं मला वाटत नाही. ती त्या शिक्षिकांच्या वहीशी आहे. वही चार्ज करावी लागत नाही, तिचा पासवर्ड विसरत नाही, समासात काहीही खरडता येतं. तिला हरवणं सोपं नाही, म्हणून तिच्याबद्दल थोडा आदर बाळग.

आता हे करायचं कसं? लिंक पाठवून 'फीडबॅक द्या' म्हणू नकोस. माणसं भिडस्त असतात, दोन चांगले शब्द बोलून मोकळी होतात. त्यांच्या शेजारी जाऊन बस, एक काम सांग (या महिन्यात कुणाची फी राहिली ते शोधा) आणि गप्प राहा. हे गप्प राहणंच जमत नाही. आपणच बनवलेली गोष्ट समोरचा चुकीच्या ठिकाणी शोधत असतो आणि आपली जीभ वळवळते, "अहो, तिथे नाही, वर उजवीकडे!" तू बोललीस की चाचणी संपली. त्या जिथे अडखळतात तिथे वहीत एक फुली मार, एवढंच. याकोब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकानं 2000 साली मांडलेला हिशोब असा, की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी सुमारे 85 टक्के अडचणी समोर येतात. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या कराव्यात आणि मधे दुरुस्त्या कराव्यात, असंही त्याचं म्हणणं. तुझ्याकडे तीन शिक्षिका आहेतच. आणखी दोघी शोध.

पुढे काय हवंय, असंही विचारू नकोस. लोक कल्पनेतली फीचर सांगतात. मागे काय झालं ते विचार : मागच्या महिन्यात फी कुणाची राहिली हे कसं लक्षात आलं? एखादा तास बुडाला तेव्हा नेमकं काय केलंत? उत्तर ऐकता ऐकता वही, कॅलेंडर, मोबाइलवरचे मेसेज सगळं बाहेर येतं, आणि तुझं अ‍ॅप यांपैकी कशाची जागा घेणार तेही कळतं.

यात कमीपणा मानू नकोस. ऑनलाइन पेमेंटमधल्या स्ट्राइपचे संस्थापक पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन सुरुवातीला हेच करत. कुणी 'वापरून बघेन' म्हणालं की लिंक पाठवायच्या ऐवजी ते म्हणत, लॅपटॉप दे इकडे, आणि तिथल्या तिथे बसवून देत. पहिल्या दहा शिक्षिकांच्या विद्यार्थ्यांची यादी वहीवरून तुम्ही स्वतः टाइप करून द्या. हे हजार जणांसाठी करता येणार नाही हे खरं, पण तुमच्याकडे हजार जण नाहीत.

कोड पुन्हा लिहायचा का? नाही. मैत्रिणीला राग आला तरी नाही. नेटस्केपचा ब्राउझर एके काळी सगळ्यात पुढे होता. त्यांची चौथी आवृत्ती 1997 मध्ये आली. मग कोड मुळापासून लिहायचा निर्णय झाला आणि पुढची मोठी आवृत्ती, सहावी, थेट नोव्हेंबर 2000 मध्ये आली. पाचवी आलीच नाही. तोवर मैदान मायक्रोसॉफ्टनं मारलेलं होतं. नेटस्केप मागे पडण्याची ती एकच गोष्ट नव्हती, पण तीन वर्षं हातात नवी मोठी आवृत्ती नसणं कुणालाच परवडत नाही. मैत्रिणीला एकच विचार : त्या तीन बाई फ्रेमवर्क जुनं होतं म्हणून थांबल्या का? एखादं पान उघडायला खरंच वेळ लागत असेल तर तेवढं पान सुधारा. मला मात्र अशी शंका येते, आणि स्पष्ट सांगतो राग मानू नकोस, की पुन्हा कोड लिहिणं हा लोकांसमोर न जाण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग आहे. अकरा महिने तुम्ही तेच करत आलात.

पैसे घ्या. कमी घ्या, पहिला महिना सोडून द्या, पण घ्या. फुकट वापरणारा माणूस 'छान आहे' म्हणून निघून जातो. पैसे देणारा तक्रार करतो, आणि तुम्हाला आत्ता तक्रारींचीच गरज आहे. मेलचिंप ही ईमेल पाठवण्याची सेवा 2001 मध्ये सुरू झाली आणि त्यांनी फुकटचा प्लॅन आणला 2009 मध्ये, म्हणजे पैसे देणारे ग्राहक असताना, आठ वर्षांनी. फुकट देऊन गर्दी जमवायची आणि मग पैसे मागायचे, हा खेळ ज्यांच्यामागे गुंतवणूकदार आहे त्यांचा. तो तुमचा नाही.

सुधारणा होतेय की नाही हे साइनअपच्या आकड्यावरून ठरवू नकोस. एक मोठा कागद घे. आडव्या ओळीत एकेक शिक्षिका, उभ्या रकान्यात एकेक आठवडा. त्या आठवड्यात त्यांनी आपणहून, तुझा फोन न जाता, हजेरी भरली तर टिक. बस. रांगेतली टिक तुटली की त्याच दिवशी फोन. गळती किती महाग पडते ते एकदा स्वतः मांडून बघ : दर महिन्याला 100 पैकी 5 जण सोडून गेले तर ऐकायला फार वाटत नाही, पण वर्षाअखेरीला मूळच्या 100 पैकी साधारण 54 उरतात. नवीन माणसं आणण्याआधी हे भोक बुजवायचं असतं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस आणि मी सोडणार नाही : बॅकअप. 31 जानेवारी 2017 ला प्रोग्रॅमर लोकांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अनुभवी इंजिनीअरनं चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत 300 जीबीच्या डेटाबेसमधले जेमतेम 4.5 जीबी उरले होते. बॅकअप घ्यायच्या पाच पद्धती होत्या, पण त्या वेळी एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्यामुळे कित्येक दिवस होतच नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेल कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. वाचवलं कुणी? त्याच इंजिनीअरनं दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी हातानं घेऊन ठेवलेल्या एका प्रतीनं. तरी सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीनं हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. तुम्ही एवढंच करा : महिन्यातून एकदा बॅकअपमधून डेटाबेस खरोखर उभा करून बघा. फाइल तयार होते म्हणजे बॅकअप आहे असं नाही.

आणि विद्यार्थ्यांत लहान मुलं असणार. त्यांची जन्मतारीख, फोटो, घरचा पत्ता मागू नका. नाव आणि पालकांचा फोन पुरे. जे गोळाच केलं नाही ते चोरीला जात नाही. पासवर्ड साध्या अक्षरांत साठवायचे नाहीत, हे कॉलेजात शिकवलं असेल अशी आशा करतो.

राहिली नोकरी. मी बाबांच्या बाजूनं आहे, पण वेगळ्या कारणानं. या अ‍ॅपला आत्ता तुझे दिवसाचे दहा तास नकोच आहेत. दहा तास दिलेस तर तू त्यांत आणखी फीचर बनवशील. आठवड्याला दहा तास पुरतात. बेसकँप हे काम सांभाळायचं वेब अ‍ॅप फेब्रुवारी 2004 मध्ये आलं. त्याचं प्रोग्रॅमिंग करणारा डेव्हिड हाइनमायर हॅन्सन त्या वेळी डेन्मार्कमध्ये शिकत होता आणि आठवड्याला साधारण दहा तास काम करायचा. ज्या कंपनीसाठी तो हे करत होता तिचा मूळ धंदा वेबसाइट डिझाइनचा, आणि हे अ‍ॅप त्यांनी आधी स्वतःच्या कामासाठी बनवलं. मेलचिंपसुद्धा असंच डिझाइनच्या धंद्याला जोडून कित्येक वर्षं चाललं. संस्थापक पूर्णवेळ त्यात उतरले 2007 मध्ये, आणि 2021 मध्ये हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंट्युइटनं ती कंपनी सुमारे 12 अब्ज डॉलरना घेतली. शेवटचा आकडा विसरून जा, मधली सहा वर्षं लक्षात ठेव.

सही करण्याआधी मात्र ऑफर लेटर आणि करारातलं बौद्धिक संपदेचं कलम नीट वाच. काही करारांत असं असतं, की नोकरीत असताना तू जे काही बनवशील, फावल्या वेळातलं धरून, ते कंपनीचं. तसं असेल तर हे अ‍ॅप आधीपासून तुझं आहे, असं लेखी मागून घे. तोंडी 'चालेल हो' याला काही अर्थ नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर तुमच्या अ‍ॅपची एक ओळसुद्धा लिहू नकोस. मैत्रिणीशीही एक कागद करून ठेव. अर्धा-अर्धा वाटा ठरवायला हरकत नाही, पण तो चार वर्षांत हळूहळू मिळावा आणि पहिल्या वर्षात कुणी सोडलं तर काहीच मिळू नये, अशी पद्धत रूढ आहे. मैत्री चांगली असतानाच हे बोलून घ्यावं.

पूर्णवेळ कधी उतरायचं? कागदावरच्या टिका सलग तीन-चार महिने तुटल्या नाहीत आणि दहा तासांत तक्रारी आवरेनाशा झाल्या, की मला पुन्हा लिही. तेव्हा बाबांशी काय बोलायचं तेही ठरवू.

तोवर त्या तिघींपैकी ज्या सगळ्यात आधी थांबल्या त्यांना फोन कर आणि भेटायला जा. लॅपटॉप घेऊन जा, पण लगेच उघडू नकोस. आधी त्यांची वही बघायला माग.